शाळेसमोरचा रस्ता : वाहतुकीचे नियम आणि रस्ता ओलांडून देणारा माणूस (पुणे शहराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

पुण्याच्या पेठांमधील अनेक शाळा दोन सत्रांत भरतात. दुपारी बाराच्या सुमारास सकाळचे सत्र सुटते आणि त्याच वेळी दुपारच्या सत्राची मुले येऊ लागतात. पंधरा-वीस मिनिटांच्या या अवधीत प्रवेशद्वारासमोर रिक्षाकाकांच्या रिक्षा, व्हॅन, पालकांच्या दुचाकी आणि रस्त्यावरची नेहमीची वाहतूक एकत्र येते. मुलांना पलीकडे पोचविण्यासाठी बहुधा शाळेचा शिपाई किंवा मावशी शिट्टी वाजवीत रस्त्यात उभी राहते. तिने हात वर केला म्हणजे काही वाहने थांबतात, काही थांबत नाहीत. न थांबणाऱ्या चालकाने तिचा हात मानला नाही, एवढ्यावरून कायद्याचा भंग होतो काय? या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच द्यावे लागते. असे का, आणि यातून मार्ग कोणता, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बालक आणि वाहनाचा वेग :

वाहतुकीचे नियम प्रौढ माणूस डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. बालक हे लहान आकाराचे प्रौढ नव्हे, हे स्वीडिश मानसशास्त्रज्ञ स्टिना सँडेल्स यांनी १९६० च्या दशकातच आपल्या अभ्यासातून दाखवून दिले होते. उभ्या केलेल्या मोटारीपलीकडचे मुलाला दिसत नाही आणि मोटारीपलीकडच्या चालकाला मूल दिसत नाही. ब्रिटनमधील वान, पूल्टर व पर्सेल या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ताशी ३२ किलोमीटरपेक्षा (२० मैल) अधिक वेगाने येणारे वाहन जवळ येत आहे हे प्राथमिक शाळेतील मुलांना खात्रीने ओळखता येत नाही. म्हणजे 'नीट बघून रस्ता ओलांड' हा उपदेश कितीही योग्य असला, तरी तो पाळण्याची क्षमता त्या वयात पुरती आलेली नसते.

वेगाचे गणितही येथे पाहण्यासारखे आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाचे वाहन एका सेकंदात सुमारे १४ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद जातो आणि रस्ता कोरडा आहे असे गृहीत धरल्यास, हे वाहन थांबण्यास सुमारे २८ मीटर लागतात. ताशी ३० किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. पहिले वाहन पूर्ण वेगात असताना आणि ब्रेक लागण्याच्या बेतात असताना, दुसरे वाहन तेवढ्याच अंतरात उभे राहिलेले असते. फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जेथे पादचारी व वाहने एकत्र येतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचविण्यात आली, तिच्यामागे हेच तत्त्व आहे.

कायद्यातील स्थिती :

शाळेभोवती संरक्षक वर्तुळ आखण्याची कल्पना आपल्या कायद्याला अपरिचित नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी शैक्षणिक संस्थांभोवतीच्या किमान १०० मीटर परिसरासाठी शांतता क्षेत्राची संकल्पना मांडली. (२०१७ च्या दुरुस्तीनंतर असे क्षेत्र राज्य शासनाने घोषित करावे लागते.) २००३ च्या तंबाखू नियंत्रण अधिनियमाने शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये मात्र वेगासाठी शाळेभोवती असे निश्चित अंतराचे वर्तुळ नाही. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट रस्त्यावर कमी वेगमर्यादा घालण्याचा अधिकार कलम ११२ अन्वये राज्य शासनाला व त्याने प्राधिकृत केलेल्या यंत्रणेला आहे. म्हणजे अधिकार आहे, पण प्रत्येक शाळेसाठी कोणीतरी तो वापरावा लागतो.

आता शिट्टी वाजविणाऱ्या मावशींकडे वळू. कलम ११९ नुसार चालकाने आदेशात्मक वाहतूक चिन्हे, सिग्नल आणि वाहतूक नियंत्रण करणारा पोलीस अधिकारी यांच्या सूचना पाळणे बंधनकारक आहे. शाळेने आपल्या पातळीवर उभा केलेला कर्मचारी यांपैकी कोणातही बसत नाही. त्याला आधार आहे तो झेब्रा क्रॉसिंगचा. २०१७ च्या वाहनचालनविषयक विनियमांनुसार सिग्नल नसलेल्या पादचारी ओलांडणीपाशी चालकाने वेग कमी करून थांबणे व पादचाऱ्याला वाट देणे आवश्यक आहे. परंतु हा हक्क पट्ट्यांच्या अस्तित्वावर अवलंबून आहे. शाळेसमोर पट्टे नसतील किंवा ते पुसले गेले असतील, तर तो आधारही उरत नाही.

महाराष्ट्रातील शाळांमध्ये 'आर.एस.पी.' म्हणजे रस्ता सुरक्षा दलाची परंपरा आहे. गणवेशातील हे विद्यार्थी शिस्तीचे शिक्षण घेतात आणि त्याचे मोल निश्चितच मोठे आहे. तथापि, ज्या वयाला वाहनाचा वेग जोखता येत नाही असे संशोधन सांगते, त्याच्याहून थोड्याच मोठ्या मुलांवर वाहने थांबविण्याची जबाबदारी टाकणे उचित ठरत नाही. आर.एस.पी. हे शिक्षणाचे साधन आहे. ते प्रौढ रक्षकाला पर्याय होऊ शकत नाही.

अन्य देशांतील अनुभव :

ब्रिटनने हा प्रश्न १९५३ च्या स्कूल क्रॉसिंग पेट्रोल्स अधिनियमाने सोडविला. विहित फलक हाती धरलेल्या नियुक्त रक्षकासमोर वाहन थांबविणे आणि फलक दाखविला जात असेपर्यंत ते थांबवून ठेवणे चालकावर बंधनकारक झाले. फलकाच्या गोल आकारावरून लोक या रक्षकांना 'लॉलीपॉप मॅन' व 'लॉलीपॉप लेडी' म्हणू लागले. आज ही तरतूद १९८४ च्या रस्ते वाहतूक नियमन अधिनियमात आहे. जपानमध्ये टोकियो शहराने १९५९ मध्ये शाळकरी मुलांच्या मार्गावर महिलांची नेमणूक सुरू केली. पतीच्या निधनानंतर संसाराचा भार वाहणाऱ्या महिलांना रोजगार मिळावा हाही त्यामागील हेतू होता. 'हिरव्या मावशी' या अर्थाच्या नावाने त्या ओळखल्या गेल्या. या दोन्ही उदाहरणांत पगारी व नियुक्त प्रौढ व्यक्ती हे सूत्र समान आहे. ब्रिटनने त्यास कायद्याची शक्तीही जोडली.

पुण्यापुढील कार्य :

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. त्यामुळे पादचाऱ्याला प्रथम स्थान देण्याचे तत्त्व शहराने मान्य केलेलेच आहे. अडचण जबाबदारीच्या विभागणीची आहे. पट्टे, पदपथ व गतिरोधक महानगरपालिकेकडे, नियमन वाहतूक पोलिसांकडे, स्कूल बस परिवहन विभागाकडे आणि प्रवेशद्वार शाळेकडे. शाळा सुटतानाच्या त्या वीस मिनिटांना एक असा धनी नाही.

हे सर्व घटक एकत्र आणण्याची जागा मात्र उपलब्ध आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती अपेक्षित आहे. बसपुरता विचार न करता या समितीने पायी येणाऱ्या मुलांचाही विचार केल्यास पुढील गोष्टी साध्य होऊ शकतात :

१) प्रवेशद्वारासमोर झेब्रा पट्टे व वेगमर्यादेची अधिसूचना यांची लेखी मागणी करणे.

२) इयत्तांनुसार सुटण्याच्या वेळेत दहा मिनिटांचे अंतर ठेवणे.

३) पालकांच्या दुचाकी व रिक्षा प्रवेशद्वारापासून दूर, ठरलेल्या जागी थांबविणे.

४) शाळेने सुचविलेल्या प्रौढ व्यक्तीस प्रशिक्षण, ठळक गणवेश व फलक देऊन तिला पोलिसांमार्फत अधिकृत करण्याचा प्रस्ताव पाठविणे.

यांपैकी चौथी गोष्ट पूर्णत्वास नेण्यासाठी राज्य शासनाने नियमांत स्पष्ट तरतूद करणे आवश्यक आहे.

महाविद्यालयांचा वाटा :

अनेक शिक्षणसंस्थांच्या एकाच आवारात शाळा व महाविद्यालय नांदतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी सलग पाच दिवस, शाळा भरताना व सुटताना, दर पाच मिनिटांना रस्ता ओलांडणारी मुले, जाणारी वाहने, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी आणि थांबलेली वाहने यांची नोंद केली, तर परिवहन समितीच्या मागणीस आकड्यांचा आधार मिळेल. यासाठी घड्याळ, वही आणि शिक्षकाची देखरेख एवढेच साहित्य लागते. भूगोल, समाजशास्त्र, संख्याशास्त्र व विधी या विषयांच्या अध्यापकांना त्यात प्रकल्पाचाही विषय सापडेल.

समारोप :

मुलांना शिकविणे आवश्यक आहे, परंतु मुलांच्या मर्यादा शिकवणीने दूर होत नाहीत. त्या वयाची उणीव वेगमर्यादेने, पट्ट्यांनी आणि अधिकार असलेल्या प्रौढ माणसाने भरून काढावी लागते. आजही शाळेसमोर कोणीतरी हात वर करून उभे असते, आणि चालकाच्या भलेपणावर विसंबून मुले पलीकडे जातात. त्या हाताला कायद्याचा आधार मिळवून देणे हे शिक्षणक्षेत्रातील प्रत्येकाचे कर्तव्य ठरते.