पांढरा डोळा, सुजलेला गुडघा आणि कोहमाऱ्याची एसटी

नागपूर-रायपूर महामार्गावरून गोंदियाचा रस्ता जिथे फुटतो, तो कोहमाऱ्याचा चौक. सडक अर्जुनी तालुक्यातील मायबाप आजारी लेकरू घेऊन इथेच गोंदियाच्या एसटीची वाट पाहतात. मुलाचा गुडघा सुजला की आपल्या भागात पहिली शंका सिकलसेलची. ती रास्तच आहे. पण सिकलसेलची तपासणी निगेटिव्ह आली की सगळे निर्धास्त होतात. घोळ इथेच होतो!

सोळा वर्षांच्या आतील मुलाचा सांधा दुसऱ्या कारणाशिवाय सहा आठवडे सुजून राहिला, सकाळी आखडू लागला, तर तो बालसंधिवात असू शकतो. संधिवात म्हाताऱ्यांनाच होतो, हा समज खोटा आहे. आणि या आजारात काही मुलांच्या डोळ्याला आतून सूज येते. डोळा लाल होत नाही, दुखत नाही, मूल तक्रार करीत नाही. आत मात्र बाहुलीची कडा मागच्या भिंगाला चिकटते, पुढे मोतीबिंदू, काचबिंदू, अंधत्व. बाहुली वेडीवाकडी झालेली आईला दिसते, तोवर बरेच नुकसान झालेले असते. गुडघा बरा वाटत असतानाही डोळा बिघडू शकतो. सर्वाधिक धोका सात वर्षांच्या आत आजार जडलेल्या, मोजकेच सांधे सुजलेल्या, रक्तात एएनए पॉझिटिव्ह असलेल्या मुलांना. त्यांत मुली जास्त.

पाश्चात्त्य देशांत अशा दहा मुलांमागे एक-दोघांना हा त्रास होतो. भारतात प्रमाण कमी आहे. आपल्याकडे मोठ्या मुलग्यांचा, डोळा लाल करणारा प्रकार अधिक. पण कमी म्हणजे नाही, असे नव्हे.

ही सूज शाळेतील अक्षरांच्या तक्त्यावर कळत नाही. त्यासाठी नेत्रतज्ज्ञाचा स्लिट लॅम्प लागतो, तोही धोक्यातील मुलांना दर तीन महिन्यांनी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याच्या मूळ 30 आजारांच्या यादीत दृष्टिदोष आहे, हृदयाचा संधिवाताशी निगडित आजार आहे, बालसंधिवात नाही. शाळेत पथक येते वर्षातून एकदा. मग तीन महिन्यांचा हिशेब कोणी ठेवायचा?

उपचार आहेत. स्टिरॉइडचे थेंब, पण ते मनाने महिनोन्‌महिने घातले तर त्यांनीच काचबिंदू होतो. मेथोट्रेक्झेट स्वस्त आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे, रोज नव्हे, हे आईला नीट सांगावे लागते. त्यानेही भागले नाही तर अ‍ॅडॅलिम्युमॅबचे इंजेक्शन. 2014 पासून ते भारतात बनते, तरी मजुराच्या आवाक्याबाहेरच.

गोंदियात 2016 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे संविधानाच्या अनुच्छेद 47 ने राज्याचे कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा मागणी साधी आहे: सांधा सुजलेल्या प्रत्येक मुलाला त्याच फेरीत नेत्रविभागात पाठवा, पुढची तारीख कार्डावर लिहून द्या आणि कोहमाऱ्याहून येणाऱ्या त्या आईच्या बुडालेल्या मजुरीची, एसटीच्या भाड्याची तरतूद करा.