नोकरी सांभाळून परिचारिकेची पदवी

कारखान्यात जशी पाळी असते, तशी रुग्णालयातही असते. आपल्या थेरगावात महापालिकेचे रुग्णालय आहे, बिर्ला रुग्णालय आहे. पलीकडे पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. नवरा चाकणला रात्रपाळी करतो आणि बायको वॉर्डात रात्र काढते, अशी घरे आपल्याकडे थोडी नाहीत. या परिचारिकांपैकी जिने जी. एन. एम. ची पदविका घेतली आहे, तिच्यापुढे आज एक प्रश्न उभा आहे. नोकरी न सोडता पुढची पदवी घेता येईल काय? आणि मोबाइलवर रोज दिसणाऱ्या जाहिरातींपैकी खरी कोणती मानावी?

या जाहिरातींत ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा शब्द वारंवार येतो. तो मूळचा अमेरिकेचा. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने तसला पहिला अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टर पुरे पडत नाहीत, तेव्हा अनुभवी परिचारिकेला अधिक शिकवून तपासणी, निदान आणि उपचार यांचा काही भार तिच्यावर सोपवावा, हा त्यामागचा विचार. तिथे आज असे अनेक अभ्यासक्रम ऑनलाइन चालतात. परंतु ऑनलाइन असतात ती व्याख्याने. रोग्यापाशी, जाणत्याच्या देखरेखीखाली किमान ७५० तास काम करावे, असा दंडक तिथल्या शिक्षणसंस्थांनी २०२२ मध्ये घालून घेतला. पुस्तक पडद्यावर वाचता येते. नाडी मात्र रोग्याच्या हातावरच पाहावी लागते.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतीय परिचर्या परिषदेने २०१६ साली अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. तो दोन वर्षांचा. प्रवेशाला बी. एस्सी. नर्सिंग, नोंदणी आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. त्यात शिकवणीचा भाग एकपंचमांश आणि वॉर्डातील कामाचा चारपंचमांश; म्हणजे रुग्णालय हीच शाळा. २०१८ साली केंद्र सरकारने प्रसूतिशास्त्रातील नर्स प्रॅक्टिशनरसाठी अठरा महिन्यांचे प्रशिक्षण ठरविले. घरबसल्या होण्याजोगे यांतले एकही नाही. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमावलीने जे विषय दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने शिकवू नयेत असे सांगितले, त्यांत परिचर्या आहे.

पदविकाधारक परिचारिकेला आधी पदवी हवी. त्यासाठीचा नेहमीचा ‘पोस्ट बेसिक’ अभ्यासक्रम पूर्णवेळ दोन वर्षांचा आहे. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाने हाच अभ्यासक्रम नोकरीतल्या परिचारिकांसाठी किमान तीन वर्षांचा करून सुरू केला. त्यातही प्रात्यक्षिक ठरवून दिलेल्या रुग्णालयातच करावे लागे. त्याचे प्रवेश खुले आहेत की नाहीत, हे विद्यापीठाच्या त्या त्या वर्षीच्या सूचनेवरूनच पाहावे, दलालाच्या तोंडून ऐकू नये.

तेव्हा पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. पहिला, मान्यतेचा : ही पदवी महाराष्ट्र परिचर्या परिषद आपल्या नोंदवहीत चढवील काय? संस्थेला मान्यता असली म्हणजे तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमाला असतेच असे नाही. म्हणून अभ्यासक्रमाचे नाव आणि वर्ष घालून लेखी विचारावे. दुसरा, प्रात्यक्षिकाचा : ते कुठे, किती तास, कोणाच्या सहीने? आपल्याच वॉर्डातले काम त्यात धरतात काय? तिसरा, फळाचा : पदवीनंतर पगार वाढेल, की पद बदलेल? रुग्णालयात नर्स प्रॅक्टिशनरचे पदच मंजूर नसेल, तर दोन वर्षांच्या कष्टाचे प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि ड्यूटी पूर्वीचीच.

या तिघांची उत्तरे मिळाली, तरी वेळेचा प्रश्न उरतोच. हिशेब साधा आहे. आठ तास ड्यूटी, जाण्यायेण्यात आणि पाळी सोपविण्यात दीड, झोप सात, घरकाम चार. उरले साडेतीन; रात्रपाळीच्या आठवड्यात तेही नाहीत. हा वेळ झोपेतून चोरला, तर त्याची किंमत तीही देते आणि तिच्या हातचे इंजेक्शन घेणारा रोगीही देतो. म्हणून अभ्यासाचा वेळ ही केवळ परिचारिकेची घरगुती अडचण समजू नये. ती रुग्णालयाची गरज आहे. अभ्यासरजा, परीक्षेच्या काळात रात्रपाळीतून सूट, प्रात्यक्षिकाच्या दिवसांशी जुळणारे वेळापत्रक, या मागण्या रास्त आहेत. फी भरण्याच्या मोबदल्यात मालक बाँड लिहून मागत असेल, तर किती वर्षांचा आणि मोडल्यास किती रकमेचा, हे वाचल्याशिवाय सही करू नये. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही कपाटात ठेवू नयेत.

एकटीने पाळी बदलून मागितली, तर ती मेहेरबानी ठरते. दहा जणींनी लेखी मागितली, तर तिचा नियम होऊ शकतो. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, कारण दिवसाचा वेळ त्यांचा नव्हता. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली, ती मागितली म्हणून. पदवी कोणती घ्यावी, हे प्रत्येकीने आपल्या परिस्थितीप्रमाणे ठरवावे. ती घेण्यासाठी लागणारा वेळ मात्र सर्वांनी मिळून मागावा, आणि वॉर्डात ज्यांचे आईबाप झोपले आहेत त्या आपण नागरिकांनी त्या मागणीमागे उभे राहावे.