गुरुवारच्या आत

पहाटे ५.३०
चहा ठेवण्याआधी मोबाइल बघते. स्क्रीनवर मशीनच्या चेंबरचं चित्र आणि खाली आकडा : लेअर २४६४ / २५००. सोमवारी संध्याकाळी लावलेला जॉब अर्ध्या तासात संपणार. जीव भांड्यात पडला, कारण आज बुधवार आहे. गुरुवारी आमच्याकडे देखभालीसाठी वीज जाऊ शकते, हे सगळे धरूनच चालतात. लेथचं ठीक आहे, वीज आली की पुन्हा सुरू. धातूच्या थ्री-डी प्रिंटिंगमध्ये जॉब मध्येच थंड झाला, तर त्या थरापाशी रेघ उमटते, आणि डायमधली, म्हणजे साच्यातली, रेघ हा उद्याचा तडा. यूपीएस काही मिनिटं धरतो, जनरेटरही आहे. पण त्या अदलाबदलीत चिलर ट्रिप होतो. म्हणून मोठा जॉब गुरुवारच्या आत उतरवायचा, हा आमचा नियम.

सकाळी ७.१५
पिंपळे गुरवच्या काटेपुरम चौकातून निघायचं, पवनेवरचा पूल ओलांडून कासारवाडी, मग नाशिक फाटा. पुढे भोसरी एमआयडीसी. गाळ्यांवरच्या पाट्या वाचत जावं : ग्राइंडिंग, हार्ड क्रोम, वायरकट, स्पार्क, जॉब वर्क स्वीकारले जाईल. आमचा गाळाही त्यातलाच, बाहेरून काही वेगळं दिसत नाही.

सकाळी ८.००
चेंबर उघडण्याआधी तोंडाला रेस्पिरेटर आणि हातात ग्लोव्ह्ज. ही मॅरेजिंग स्टीलची पावडर : साधारण १८ टक्के निकेल, ९ टक्के कोबाल्ट, ५ टक्के मॉलिब्डेनम, कार्बन जवळपास नाहीच. दाणा १५ ते ४५ मायक्रॉनचा, मैद्याहून बारीक, आणि श्वासातून आत गेला तर फुफ्फुसाला वाईट. यंत्र या पावडरीचा ४० मायक्रॉनचा थर अंथरतं, लेझर ड्रॉइंगप्रमाणे हवी तेवढीच जागा वितळवतो, प्लेट ४० मायक्रॉन खाली उतरते, पुन्हा नवा थर. हवेशी संबंध नको म्हणून चेंबरमध्ये नायट्रोजन. असे २५०० थर झाले की १०० मिलिमीटर उंचीचा जॉब तयार. डायसाठी नेहमीचं पोलाद एच-१३. पण त्यात ०.४ टक्क्याच्या आसपास कार्बन असतो आणि थराथरानं वितळवताना ते तडकायला बघतं. म्हणून छापायला मॅरेजिंग.

आजचा जॉब ॲल्युमिनियम डाय कास्टिंगच्या डायमधला इन्सर्ट, म्हणजे साच्यात बसवायचा सुटा तुकडा आहे. बाहेरून साधा ठोकळा, सगळी करामत पोटात : सहा मिलिमीटर व्यासाचा, सुमारे ६०० मिलिमीटर लांबीचा पाण्याचा मार्ग, डायच्या पृष्ठभागालगत वळत गेलेला. गन ड्रिल सरळच जातं, त्याला वळण घेता येत नाही. छापलेला मार्ग मात्र डाय जिथे सगळ्यात जास्त तापते तिथपर्यंत पाणी नेतो.

आत्ता त्या मार्गात न वितळलेली पावडर भरलेली आहे, हिशेबानं ८० ग्रॅमच्या आसपास. ती काढायला सॉफ्टवेअर नाही. दोघांनी प्लेटसकट जॉब उलटा धरायचा, रबरी हातोडीनं हलके ठोके द्यायचे, तिरपा करायचा, पुन्हा ठोके. पावडरीची बारीक धार लागते, अडते, पुन्हा लागते. धार थांबली तेव्हा खाली पडलेली पावडर काट्यावर टाकली : ६१ ग्रॅम. म्हणजे कुठल्यातरी वळणात उरलेली अजून बसली आहे. व्हायब्रेटर लावला, एका तोंडातून कोरडा नायट्रोजन सोडला, पातळ केबल आत सरकवली. काटा ७९वर गेला आणि दुसऱ्या तोंडातून स्वच्छ वारा आला, तेव्हा मास्क काढला.

सकाळी १०.३०
मागच्या गल्लीतले वायरकटवाले काका जॉब हातात घेण्याआधी विचारतात, "पावडर पूर्ण काढलीय ना? आत पाणी गेलं तर चिखल होऊन बसेल, मग मला बोलायचं नाही."

"काढली काका. काट्यावर मोजून आणलीय."

"मग ठेवा."

पाव मिलिमीटरची पितळी तार, पाण्यात ठिणग्या, आणि इन्सर्ट प्लेटपासून सुटतो. इथून तो टेम्पोनं व्हॅक्यूम हीट ट्रीटमेंटला जाईल. ४९० अंशाला सहा तास ठेवला की पस्तीस एचआरसीच्या आसपासचा कडकपणा पन्नाशी ओलांडतो. मग ग्राइंडिंग, कोपऱ्यांना स्पार्क इरोजन, सीएमएमवर मापांची तपासणी. छापण्याचं यंत्र पैसे मोजले की कंटेनरमधून कुठेही उतरवता येईल. पण या पुढच्या सगळ्या कामांसाठी स्कूटरवरून जाऊन येण्याच्या अंतरावर माणसं हवीत, आणि ती इथे आमच्या कितीतरी आधीपासून बसली आहेत.

दुपारी १२.४५
डबा खाताना नवा ट्रेनी विचारतो, "मॅडम, आपण रॉकेटचं काम कधी करणार?" त्याच्या डोक्यात इस्रोचं पीएस-४ इंजिन आहे. पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याचं हे इंजिन छापून बनवलं आणि ९ मे २०२४ रोजी ते महेंद्रगिरीला ६६५ सेकंद चालवून पाहिलं. १४ भागांचा एकच भाग झाला, १९ वेल्ड गेले, आणि जिथे ५६५ किलो कच्चा माल लागायचा तिथे १३.७ किलो पावडर पुरली. विमानांच्या लीप इंजिनातला इंधनाचा नॉझलही असाच : २० तुकड्यांचा एक.

"करू की," मी म्हटलं. "पण पावडर त्यांनाही काढावीच लागते. आधी चाळणीवर बस." उरलेली पावडर चाळून पुन्हा वापरायची असते, त्यातला एक जाड दाणा पुढचा अख्खा थर ओरबाडतो.

दुपारी ३.००
मोशी, इंद्रायणी, मग चाकणचा ट्रॅफिक. गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये ८०० टनी मशीनवर आमचा आधीचा इन्सर्ट चालू आहे. सुपरवायझर खूश. "ताई, बॉसच्या उंचवट्यापाशी ॲल्युमिनियम चिकटायचं ना, ते बंद झालं. स्प्रे पण कमी मारतो आता." डाय लवकर थंड होते, त्यामुळे प्रत्येक शॉटमागे काही सेकंद वाचतात.

मी फ्लो मीटर बघते. काटा बसवला तेव्हापेक्षा खाली आहे.

"बोअरचं पाणी सोडलंय का?"

तो दुसरीकडे बघतो. "सॉफ्टनर रिपेअरला गेलाय."

सरळ ड्रिलच्या भोकात क्षार साचले तर सळई घालून साफ करता येतात. वळणाच्या मार्गात सळई जात नाही. एकदा तो बुजला की इतका महागाचा इन्सर्ट पुन्हा नुसता ठोकळा. त्याला ॲसिड फ्लशिंगची पद्धत लिहून दिली, आणि सॉफ्टनर येईपर्यंत टँकरचं मऊ पाणी वापरायला सांगितलं.

संध्याकाळी ६.००
पुढचा जॉब हायब्रिड आहे. खालचे ६० मिलिमीटर व्हीएमसी मशीनवर कापलेले, त्यात सरळ भोकं ड्रिलची. वरचे ४० मिलिमीटर, म्हणजे १००० थर, फक्त छापायचे. वळण वरच आहे, तर खालचा ठोकळा कशाला छापायचा? पण खालचं भोक आणि वर छापला जाणारा मार्ग तंतोतंत जुळले पाहिजेत. हे काम मामांचं. एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममधून फिटर म्हणून निवृत्त झालेले मामा डायल गेज लावून ठोकळ्याला बोटानं टिचकी मारतात, काटा पाहतात, पुन्हा टिचकी. "०.०२मध्ये आला. आता हात लावू नका कुणी." बोल्ट मात्र तेच आवळतात, आडवे-तिरपे, थोडे थोडे. स्टार्टचं बटण उद्या, वीज परतल्यावर.

रात्री ९.१५
पिंपळे गुरवला घरी, लॅपटॉपवर एक नवी चौकशी. गिऱ्हाइकाला अख्खी डाय छापून हवी आहे, कारण प्रदर्शनात पाहिलीय. ड्रॉइंग उघडलं. डायला चार इन्सर्ट आहेत. तिघांना सरळ भोकं पुरतात. चौथ्यात गेटजवळ उंच, बारीक कोअर आहे, तिथे ड्रिल पोचत नाही. त्याला उत्तर लिहिलं : तीन इन्सर्ट एच-१३मध्ये तुमच्या टूलरूममध्येच करा, चौथ्याचे वरचे ३५ मिलिमीटर आम्ही छापू, आणि पाण्याचा रिपोर्ट आधी पाठवा. बिल बरंच लहान होईल आणि आमचे मालक वैतागतील. पण एक इन्सर्ट नीट चालला तर पुढची डाय घेऊन गिऱ्हाईक आमच्याकडेच येईल, हे भोसरीतल्या कुठल्याही जॉब वर्कवाल्याला विचारा.