सेंटओएस स्ट्रीम : मसुदा आणि करारनामा



यंत्रमाग कामगारांची संघटना बांधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने संगणकावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु आमच्या कचेरीत संगणक आला, सभासदांच्या पावत्या आणि न्यायालयाचे निवाडे त्यात साठू लागले, तेव्हा तो कशावर चालतो हे समजून घेणे मला भाग पडले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवतो.

यंत्र आणि आपले काम यांच्यामध्ये एक कारभारी लागतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. लिनक्स हा अशाच एका कारभाऱ्याचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तो 1991 साली प्रसिद्ध केला. तो कोणीही वाचावा, बदलावा आणि दुसऱ्यास द्यावा, अशी मोकळीक त्याच्या परवान्यातच आहे. या गाभ्याभोवती इतर प्रोग्रॅम जुळवून जो संच बनतो, त्यास डिस्ट्रिब्यूशन म्हणतात. असे संच पुष्कळ आहेत. आज आपण रेड हॅट या अमेरिकन कंपनीच्या घराण्यातील तीनच पाहू.

आमच्या धंद्यात आधी मागणीपत्र निघते. त्यात उत्साहाने सगळे घातलेले असते. मग वाटाघाटी होऊन मसुदा तयार होतो आणि तो गेटवर वाचून दाखवतात. शेवटी सह्या होऊन करारनामा होतो. या घराण्यातही तसेच आहे. फेडोरा हे मागणीपत्र. नवी कल्पना प्रथम तेथे येते. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स हा सहीचा करारनामा. कंपनी पैसे घेते आणि सुमारे दहा वर्षे त्याची जबाबदारी वाहते. या दोहोंच्या मध्ये जो वाचून दाखवलेला मसुदा आहे, तो सेंटओएस स्ट्रीम.

करारनाम्याची पुढची आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी निघते. तिच्यात जायचे बदल त्याआधीच स्ट्रीममध्ये एकेक करून येत राहतात. म्हणून त्यास चालती पूर्वझलक म्हणतात. येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला असा की, स्ट्रीम म्हणजे कच्चा, वाटेल ते कोंबलेला माल. तसे नाही. प्रत्येक बदल चाचण्यांतून पार पडल्यावरच आत येतो. दुसरा असा की, तो अखंड चालतच राहतो. तेही खरे नाही. स्ट्रीम 9 हा 2021 च्या अखेरीस आला आणि स्ट्रीम 10 हा 2024 च्या डिसेंबरात. दोन्ही स्वतंत्र आहेत. नऊ आपोआप दहा होत नाही, आणि प्रत्येकाचे आयुष्य सुमारे पाच वर्षांचे, म्हणजे करारनाम्याच्या निम्मे.

आता जुन्या सेंटओएसची हकीकत. 2004 पासून स्वयंसेवक मंडळी रेड हॅटने उघड केलेल्या मूळ संहितेवरून, तिची नावनिशाणी काढून, तसाच संच बांधून फुकट देत असत. ती कराराची खरी नक्कल होती. विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि लहान कचेऱ्या तिच्यावर विसंबल्या. 2014 साली हे काम रेड हॅटच्या छत्राखाली आले. 2019 साली आयबीएमने रेड हॅट विकत घेतली. डिसेंबर 2020 मध्ये जाहीर झाले की सेंटओएस 8, जी मे 2029 पर्यंत चालायची होती, ती 2021 च्या अखेरीस बंद होईल, आणि पुढे फक्त स्ट्रीम राहील. वर्षभराची नोटीस देऊन सात वर्षांहून अधिक मुदत कापली गेली. लोक संतापले. स्ट्रीम वाईट आहे म्हणून नव्हे, तर नक्कल मागणाऱ्याच्या हाती मसुदा ठेवला म्हणून. त्यातूनच 2021 मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. जून 2023 मध्ये रेड हॅटने आणखी एक पाऊल टाकले : यापुढे सर्वांसाठी उघडी संहिता स्ट्रीमचीच, करारनाम्याची फक्त गिऱ्हाइकांना.

मसुद्याला करार समजण्याची चूक मी स्वतः केली आहे. तरुणपणी एका कारखान्यात मसुद्यातला वाढीव दर मी उत्साहाने फळ्यावर लिहिला. सह्या होताना ते कलम बदलले. कोणी त्या दराच्या भरवशावर उसनवारी केली होती. त्यांच्या घरी जाऊन मान खाली घालून बसावे लागले.

पण मसुद्याचे मोलही मी पाहिले आहे. दुसऱ्या एका ठिकाणी रोजाचा दर काढताना महिन्याच्या पगाराला 26 ऐवजी 30 ने भागावे, असे टंकलेले होते. आम्हां पुढाऱ्यांच्या नजरेतून ते सुटले. गेटसभेत एक वयस्क कामगार उठला, म्हणाला, "दादा, आमच्या चार सुट्ट्या कुणी खाल्ल्या?" कलम तेथेच दुरुस्त झाले. सही झाल्यावर तेच काम वर्षभराच्या भांडणाचे झाले असते.

स्ट्रीमचा उपयोग हाच. जो यावर चालणारा प्रोग्रॅम किंवा यंत्राचा भाग बनवतो, त्याला आपला माल पुढच्या आवृत्तीत चालेल की नाही हे आधी कळते. मोडले तर तो तक्रार नोंदवतो, दुरुस्तीही सुचवतो. जुन्या नकलेत ही सोय नव्हती, कारण नकलेत दुरुस्ती करून मूळ करार बदलत नसतो. मेटासारखी कंपनी आपले सर्व्हर स्ट्रीमवर चालवते. पण तिच्यापाशी रोजचा बदल तपासणारे तंत्रज्ञ आहेत. अर्थात शेवटची सही रेड हॅटचीच, हेही विसरू नये.

ज्या दवाखान्यात, पतपेढीत वा शाळेत असा जाणकार नाही, तेथे मसुद्यावर संसार मांडू नये. त्यांनी अल्मा किंवा रॉकी घ्यावे. पैसे असतील तर करारनामा घ्यावा. आमच्या कचेरीत आम्ही दोन यंत्रे ठेवली आहेत. सभासदांचे हिशेब अल्मावर आहेत. कोपऱ्यातल्या जुन्या यंत्रावर स्ट्रीम आहे, आणि संध्याकाळी कामगारांची दोन-तीन मुले त्यावर बसून काय मोडते ते शोधत असतात. मोडलेले सापडले की वहीत लिहून ठेवा आणि तक्रार धाडा, एवढेच मी त्यांना सांगतो.