ऐकूं येतें, पण कळत नाहीं

घाटकोपरला मेट्रोंतून उतरून लोकलच्या फलाटाकडे जातांना आजोबा नातवाला तीनतीनदां "काय म्हणालास?" असें विचारतात. घरच्या शांत खोलींत मात्र त्यांना सारें नीट कळतें. मग घरचीं माणसें म्हणतात, "यांना सोयीचें तेवढेंच ऐकूं येतें!" हा आरोप अन्यायाचा कसा, तें आज सांगावयाचें आहे.

आपल्या बोलण्यांत स्वर खालच्या पट्टीचे व जोरकस असतात. स, ट, क, प अशा व्यंजनांचे ध्वनि क्षीण असून त्यांचा पुष्कळसा भाग उंच पट्टींत असतो. आवाजाचा जोर स्वरांत, पण शब्दाची ओळख बव्हंशीं व्यंजनांत. प्रत्येक कानांत, शंखासारख्या वळणदार नळींत, सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी असतात. वयोमानानें त्यांपैकीं उंच ध्वनि टिपणाऱ्या पेशी आधीं झिजतात व पुन्हां उगवत नाहींत. मग "पाठ" कीं "काठ", हें संदर्भावरून ताडावें लागतें. शांततेंत तें साधतें. गाडीच्या खडखडाटांत उरलींसुरलीं व्यंजनेंही बुडून जातात.

दुसरें कारण मेंदूंत आहे. अनेकांच्या बोलण्यांतून एकाचेंच बोलणें आपण कसें निवडतों, यावर कॉलिन चेरी यांनीं १९५३ सालीं प्रयोग प्रसिद्ध केले. दोन कानांवर ध्वनि पोंचण्यांतील अतिसूक्ष्म कालभेद हा या निवडीचा एक आधार होय. वयाबरोबर तो टिपण्याची शक्ति मंदावते. म्हणूनच शांत खोलींतील तपासणींत कान चांगले ठरले, तरी गर्दींत अडचण येऊं शकते.

अशा वेळीं ओरडूं नये. ओरडल्यानें स्वर वाढतात, व्यंजनें स्पष्ट होत नाहींत. समोर येऊन, ओंठ दिसतील अशा उजेडांत, सावकाश बोलावें. न कळलेलें वाक्य निराळ्या शब्दांत सांगावें. आधीं दूरदर्शन बंद करावें. तपासणीसाठीं वांद्र्यास १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था आहे. श्रवणयंत्रानें लाभ होतो, मात्र तें गोंगाट पूर्णपणें गाळीत नाहीं. त्याची संवय होण्यास कांहीं आठवडे द्यावे लागतात.

वारंवार विचारून ओशाळलेला वृद्ध अखेर विचारणेंच सोडतो, नुसती मान डोलावतो आणि हळूहळू चार माणसांत बसेनासा होतो. आपण वाक्य पुन्हां सांगतों, तेव्हां त्याला माणसांत धरून ठेवतों. त्याला लागणारा वेळ अर्ध्या मिनिटाचाही नाहीं.