संगणकातील शेत आणि बुलढाण्याचा खरीप

संगणकावर किंवा मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या खेळांत एक मोठा वर्ग असा आहे की त्यात कोणाला हरवायचे नसते, शर्यत जिंकायची नसते. घर उभारायचे, शेत कसायचे, शेजाऱ्यांशी नाते जोडायचे आणि एकामागून एक दिवस जगत राहायचे, एवढेच त्यात असते. या वर्गाला लाइफ सिम्युलेशन म्हणतात. सिम्युलेशन म्हणजे एखाद्या खऱ्या व्यवस्थेचे, नेमून दिलेल्या नियमांवर चालणारे लहान प्रतिरूप. मराठी घरांतील भातुकली याच जातीची आहे, मात्र भातुकलीचे नियम मुले खेळता खेळता ठरवतात आणि मोडतात, तर संगणकावरील खेळाचे नियम कोणीतरी आधीच लिहून ठेवलेले असतात व ते खेळाडूला हळूहळू उमगतात. यातूनच या खेळांविषयीचा सर्वांत जुना मतभेद निर्माण होतो : प्रत्येक दिवसाची आखणी करून खेळावे, की समोर येईल त्याप्रमाणे हात चालवावा. हा मतभेद बहुधा स्वभावाचा मानला जातो, पण खेळांची रचना नीट पाहिली तर असे दिसते की खेळ उद्याविषयी किती सांगून टाकतो यावरच आखणीचे मोल ठरते. ज्या जिल्ह्यातील बहुतांश खरीप आजही आभाळावर अवलंबून आहे, त्या बुलढाण्याच्या शेतीशी ताडून पाहिल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होते.

एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने सुमारे साडेचार वर्षे एकट्याने काम करून २०१६ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध केलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ हा या वर्गातील अत्यंत लोकप्रिय खेळ आहे. आजोबांकडून मिळालेल्या पडीक शेतावर खेळाडू येतो, त्याच्याजवळ ५०० नाणी आणि काही साधी अवजारे असतात, आणि वर्ष चार ऋतूंचे असून प्रत्येक ऋतू नेमक्या २८ दिवसांचा असतो. ऋतू पालटला की त्याला न मानवणारे पीक उभ्याउभ्या मरते. फ्लॉवरचे बी ८० नाण्यांना मिळते, १२ दिवसांत गड्डा तयार होतो आणि तो १७५ नाण्यांना विकला जातो. म्हणजे ऋतूच्या पहिल्या दिवशी लागवड केली तर त्याच जागी दोन पिके निघतात आणि सोळाव्या दिवसानंतर केलेली लागवड, खताची जोड नसेल तर, वाया जाते. घरातील दूरचित्रवाणी संच उद्याचे हवामान सांगतो आणि ते सहसा चुकत नाही. पाऊस पडला तर पाणी देण्याचे श्रम वाचतात. अतिवृष्टीने पीक सडले किंवा शेंगेत कोंब फुटले, असे कधी होत नाही. कितीही माल विकायला नेला तरी आवक वाढली म्हणून भाव पडत नाही.

इतके सारे निश्चित असल्यावर आखणीचा जय ठरलेलाच असतो. अनेक खेळाडू वही घेऊन बसतात, प्रत्येक पिकाचा दररोजचा नफा काढतात, तेराव्या दिवशीच्या जत्रेत मिळणाऱ्या स्ट्रॉबेरीच्या बियांसाठी आधीपासून पैसे साठवतात आणि शेताच्या प्रत्येक चौकटीत काय असेल हे ऋतू सुरू होण्यापूर्वीच ठरवतात. या कष्टाला कमी लेखण्याचे कारण नाही, कारण मर्यादित जागा, वेळ आणि शक्ती यांची वाटणी करणे हीसुद्धा एक विद्याच आहे. तरीही एक तोटा नाकारता येत नाही : गणित एकच असल्यामुळे उत्तरही एकच येते, आणि पुरेशा आखणीनंतर वेगवेगळ्या माणसांची शेते एकमेकांसारखी दिसू लागतात. गावात भेटणारी माणसे, ओढ्याकाठचा रिकामा वेळ, चुकून सापडलेली वाट या गोष्टी वहीत बसत नाहीत म्हणून गळतात, आणि खरे तर बॅरोनने आपले श्रम त्यांवरही तितकेच खर्च केलेले आहेत. म्हणून नवख्याने पहिले वर्ष तरी कोष्टके न पाहता खेळावे, हेच योग्य वाटते. नियम स्वतः शोधण्याचा आनंद एकदाच मिळतो.

विल राइट यांच्या ‘द सिम्स’ या २००० सालच्या खेळात परिस्थिती निराळी आहे. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे लागलेल्या वणव्यात राइट यांचे घर जळाले आणि संसार पुन्हा उभा करताना या खेळाची कल्पना त्यांच्या मनात रुजली. आरंभी हा घरे बांधण्याचा खेळ होता, आणि घर चांगले की वाईट हे कळावे म्हणून त्यात माणसे घालण्यात आली. पुढे ती माणसेच खेळाचा विषय झाली. त्यांना भूक, झोप, स्वच्छता, करमणूक, सोबत अशा आठ गरजा असतात, पण त्यांची बुद्धी त्यांच्या डोक्यात नसते. घरातील प्रत्येक वस्तू आपण कोणती गरज किती भागवू शकतो हे सतत पुकारत असते, आणि मोकळे सोडलेले पात्र त्या क्षणी ज्या वस्तूची हाक सर्वांत परिणामकारक ठरते तिच्याकडे जाते. म्हणजे या खेळातील माणूस जात्याच आयत्या वेळी ठरवणारा आहे. तो दुपारची भूक भागवतो, पण पुढच्या वर्षाचा विचार करत नाही. लांबचा विचार खेळाडूने करायचा, आणि तोही फार पुढचा करता येत नाही, कारण स्वयंपाकात कच्च्या असलेल्या पात्राच्या हातून चूल पेटते, ठरवलेली मैत्री फिसकटते आणि खेळाडूला रचलेला दिवस सोडून समोरची आग विझवावी लागते. येथे आखणी व प्रसंगावधान या दोहोंची कामे वाटून दिलेली आहेत, आणि हेच या खेळाचे मोठेपण आहे.

अनिश्चिततेचा आणखी एक प्रकार बाजाराचा. निन्टेन्डोच्या ‘ॲनिमल क्रॉसिंग : न्यू होरायझन्स’ या २०२० च्या मार्चमध्ये आलेल्या खेळात घड्याळ खऱ्या दिवसाबरोबर चालते, रविवारी सकाळी सलगम विकत घ्यायचे, सोमवार ते शनिवार दिवसातून दोनदा बदलणाऱ्या भावावर लक्ष ठेवायचे आणि पुढचा रविवार उजाडण्याआधी विकून टाकायचे, नाहीतर माल सडतो. खामगाव किंवा चिखलीच्या बाजार समितीत सोयाबीन आज द्यावे की घरात ठेवावे, असा पेच पडलेल्या कुटुंबाला या व्यवहाराचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

बुलढाणा जिल्ह्याचा खरीप मुख्यतः सोयाबीन, कपाशी आणि तूर यांचा आहे, आणि त्यात सर्वांत अवघड निर्णय पेरणीच्या दिवसाचा असतो. जमिनीत पुरेशी ओल जाईपर्यंत, म्हणजे साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो. पण मृगाच्या सरींवर पेरलेले साधले तर हंगाम पुढे सरकतो, आणि सरींनंतर पावसाने खंड दिला तर उगवलेले कोंब करपून दुबार पेरणीची वेळ येते, ज्यात बियाणे, खत आणि मजुरी हे सारे दुसऱ्यांदा घालावे लागते. संगणकावरील शेतात बिघडलेला दिवस जतन न करता खेळ बंद केला की तीच सकाळ पुन्हा मिळते. पेरलेल्या रानाला ती सोय नाही.

म्हणूनच कोरडवाहू शेतीतील आखणी एकरेषीय नसते. हैदराबादच्या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेने कृषी विद्यापीठांच्या साहाय्याने जिल्हावार आकस्मिक पीक योजना तयार केल्या आहेत, आणि त्यांत बुलढाण्याचाही समावेश आहे. पाऊस दोन आठवडे लांबला तर काय पेरावे, चार, सहा किंवा आठ आठवडे लांबला तर कोणते पीक सोडून कोणते धरावे, मध्येच खंड पडला तर काय करावे, अशा फाट्या-फाट्यांनी या योजना लिहिलेल्या असतात. सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीच्या ओळी घेण्याची आंतरपीक पद्धतही त्याच विचारातून टिकली आहे. एक पीक लवकर हाती येते, दुसरे उशिराच्या पावसावर तगते, आणि दोन्ही एकाच वेळी जाण्याचा धोका कमी होतो. येथे आखणी आणि प्रसंगावधान परस्परविरोधी नाहीत, कारण ऐनवेळी वळता यावे एवढी जागा आखणीतच राखलेली असते.

याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे, अक्षय तृतीयेच्या सायंकाळी शेतात घटमांडणी केली जाते. ही प्रथा तीनशेहून अधिक वर्षांची असल्याचे सांगतात आणि चंद्रभान महाराज वाघ यांनी ती सुरू केली असे मानले जाते. वर्तुळाकार घटाच्या कडेने १८ प्रकारची धान्ये मांडतात, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची म्हणून मातीची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याची घागर ठेवतात, आणि पुरी पृथ्वीचे, पान-सुपारी राजाचे, तर करंजी देशाच्या तिजोरीचे प्रतीक धरतात. दुसऱ्या दिवशी पहाटे या मांडणीत रात्रीतून झालेल्या बदलांवरून वर्षाचे भाकीत सांगितले जाते. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, आणि पेरणीचा निर्णय त्यावर सोपवू नये, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तरीही अख्खे वर्ष एका वर्तुळात मांडून पाहण्याची, त्यात पावसाबरोबर चारा, रोगराई आणि राज्यकारभार यांनाही स्थान देण्याची ही धडपड प्रतिरूपाच्या कल्पनेशी नाते सांगते. कोणत्या गोष्टींवर आपले वर्ष अवलंबून आहे याची येथील माणसांनी केलेली ती यादीच आहे.

त्या यादीतील फारच थोड्या गोष्टी आजच्या शेतीच्या खेळांत उतरल्या आहेत. १९९६ साली यासुहिरो वादा यांनी जपानमध्ये ‘हार्वेस्ट मून’ तयार करून या प्रकाराचा पाया घातला, तेव्हापासून बहुतेक खेळांनी खात्रीचा पाऊस आणि ठरावीक भाव हेच गृहीत धरले. बुलढाण्याचे शेत ज्यात खऱ्या अर्थाने दिसेल अशा खेळात काळ्या मातीचा वाफसा पाहूनच तिफण चालवावी लागेल, संग्रामपूर-शेगावकडील खारपाणपट्ट्यात विहिरीचे खारे पाणी पिकाला चालणार नाही, हवामानाचा अंदाज कधी चुकेल आणि गेलेला दिवस परत मिळणार नाही. अशा खेळात सारे पैसे पहिल्याच पेरणीत घालणारा खेळाडू कितीही बारकाईने हिशेब करो, जुलैतील उघडिपीपुढे तो अडेल. काहीच न आखणाऱ्याजवळही त्या वेळी पेरायला काही नसेल. ज्याने घरचे थोडे बियाणे आणि थोडी रोकड बाजूला ठेवली आहे, आणि खरीप हुकलेल्या तुकड्यात मुरलेल्या ओलीवर हरभरा घेण्याचे ज्याच्या मनात आधीपासून आहे, त्याचा खेळ मात्र रब्बीत पुढे चालू राहील.