आजीच्या पिशवीत वाढलेली नात
पुण्याच्या गॅलॅक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने मे २०१७ मध्ये देशातली पहिली गर्भाशय प्रत्यारोपणे केली. त्यांतल्या एका रुग्णाला गर्भाशय दिले तिच्या आईने. १८ ऑक्टोबर २०१८ रोजी तिला मुलगी झाली. वजन १४५० ग्रॅम. म्हणजे आई ज्या पिशवीत वाढली, त्याच पिशवीत लेकही! अशा गर्भाशयाच्या नसा जोडलेल्या नसतात. कळा नीट जाणवत नाहीत, म्हणून सिझेरियनच करतात.

किडनी बदललेल्यांचे तसे नाही. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात, तरी नॉर्मल बाळंतपण होऊ शकते. अमेरिकेत १९५८ मध्येच जुळ्या बहिणीची किडनी मिळालेली बाई आई झाली.

नागपूरच्या नंदनवनकरांना जवळच्या ‘मेडिकल’च्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) सुपर स्पेशालिटी रुग्णालयात किडनी प्रत्यारोपणाची सोय आहे. नंतर मूल हवे असेल तर किमान वर्षभर थांबावे लागते. शरीराने किडनी नाकारू नये म्हणून दिले जाणारे मायकोफेनोलेट गर्भाला घातक. दिवस राहण्याच्या किमान ६ आठवडे आधी ते थांबवून डॉक्टर बहुधा अझाथायोप्रिन देतात. बाळाच्या काळजीपोटी सगळ्याच गोळ्या मनाने सोडणे मात्र त्याहून वाईट: शरीर किडनी नाकारू शकते. गरोदरपणात रक्तदाब वाढण्याची शक्यताही जास्त, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञ आणि किडनीतज्ज्ञ दोघांकडे तपासणी हवी.